विमान, ड्रोन आणि सव्वाबाराची ओहोटी

"मॅडम, ते ड्रोनबिन नको. विमान लावा. एका दमात सगळं येऊ द्या."

फेब्रुवारी 2026 मध्ये नौपाड्यातल्या आमच्या सर्वेक्षणाच्या ऑफिसात आलेल्या कामाची सुरुवात या वाक्याने झाली. बोलणारे साहेब पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले, आता सल्लागार म्हणून काम करतात. त्यांना ऐरोलीच्या पुलापासून नेरूळपर्यंत नवी मुंबईचा खाडीकाठ हवेतून टिपून हवा होता. लांबी साधारण 14 किलोमीटर, रुंदी सरासरी सव्वा किलोमीटर, म्हणजे सतरा चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यातून जोडलेला एकसंध नकाशा-फोटो, जागोजागच्या उंच्या, आणि वर सहा मिनिटांची फिल्म. पावसाळ्याआधी होल्डिंग पाँडची, म्हणजे पावसाचं पाणी थोपवून धरणाऱ्या तळ्यांची, अवस्था एका समितीपुढे मांडायची होती.

नवी मुंबईबाहेरच्यांसाठी सांगते. इथले बरेच सेक्टर भराव घालून उभे राहिलेत आणि भरतीच्या पाण्याच्या मानाने सखल आहेत. भरती चढली की नाल्याच्या तोंडावरची झडप खाडीच्या पाण्याच्या दाबाने बंद होते आणि शहरात पडणारा पाऊस पाँडमध्ये थांबतो. ओहोटी लागली की झडप उघडते, पाणी खाडीत जातं. निदान जायला हवं. पाँड गाळाने भरले, झडपेबाहेर चिखलाचा बांध तयार झाला, की पाणी जिथल्या तिथे. साहेबांना नेमकं तेच दाखवायचं होतं: झडपेचा उंबरा, बाहेरचा गाळ, पाँडची कड. आणि हे सगळं दिसतं फक्त ओहोटीला.

विमानाचा हट्ट मी आधी हसण्यावारी नेला. नव्वदच्या दशकात स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे दोन फोटोंतून उंचसखल दाखवणाऱ्या भिंगांखाली, फोटोंच्या जोड्या लावून बसलेली पिढी, त्यांना ड्रोन खेळणं वाटणारच, असं मनात म्हटलं. घरी येऊन हिशोब मांडला आणि कळलं की साहेबांच्या म्हणण्यात दम आहे.

हिशोब

आमच्या सर्वेक्षणाच्या कॅमेऱ्याचा फोटो 5472 बाय 3648 पिक्सेलचा, लेन्स 8.8 मिलीमीटरची. ड्रोन 120 मीटरवर असताना एका फोटोत जमिनीचा 180 बाय 120 मीटरचा तुकडा येतो आणि एक पिक्सेल सव्वातीन सेंटिमीटरचा पडतो. नकाशा जोडायचा तर फोटो एकमेकांवर भरपूर चढावे लागतात: पुढेमागे 80 टक्के, बाजूला 70. म्हणजे दर 24 मीटरला एक फोटो आणि दोन ओळींमध्ये 54 मीटर अंतर. एका चौरस किलोमीटरला एकोणीस ओळी, आठशेच्या आसपास फोटो, आणि सेकंदाला 10 मीटर वेगाने नुसतं सरळ उडणंच बत्तीस मिनिटं. वळणं, बॅटरी बदलणं, उतरवणं-चढवणं धरलं की तास गेला. सतरा चौरस किलोमीटरला सतरा तास.

सतरा तास ऐकायला जास्त वाटत नाहीत. पण ओहोटीचा तळ गाठल्यावर पाणी जवळपास स्थिर राहतं ते आधी-नंतरचे मिळून दोनेक तास. म्हणजे किमान नऊ दिवस. रोज ओहोटीची वेळ पाऊण तासाने पुढे सरकते आणि पाण्याची पातळीही बदलते. सोमवारचा तुकडा आणि पुढच्या बुधवारचा तुकडा शेजारी शेजारी चिकटवले की मधोमध शिवण दिसते: अलीकडे चिखल, पलीकडे पाणी. रंग सारखे करता येतात हो, पाण्याची कड कशी सारखी करणार?

विमानात बसवतात त्या मोठ्या कॅमेऱ्याच्या फोटोची रुंदीच वीस हजार पिक्सेलच्या घरात असते. पाच सेंटिमीटरचा पिक्सेल चालणार असेल तर एका फोटोत एक किलोमीटर. दोन-तीन ओळी, ताशी दोनशेचा वेग, वळणं धरून वीस-पंचवीस मिनिटांत ऐरोली ते नेरूळ संपलं. सगळं एकाच पाण्याच्या पातळीवर. 'एका दमात' म्हणजे साहेबांना हेच म्हणायचं होतं. फोटो चांगला येतो म्हणून नव्हे, खाडी एका क्षणी पकडता येते म्हणून विमान.

मी दुसऱ्या दिवशी विमानवाल्यांना फोन लावला. अगदी मनापासून.

वाशीच्या गच्चीवरून दिसणारी रांग

विमानातून फोटो काढणं ही आपल्याकडे आधीपासूनच परवानगीची बाब. 1937 च्या विमान नियमांपासून ते बंधन आहे. 2021 मध्ये नकाशांबाबतचं धोरण बरंच सैल झालं, भारतीय कंपन्यांना मोजणी-नकाशासाठी पूर्वीसारखी मंजुरी लागत नाही, पण विमान उडवून कॅमेरा चालवायची वाट वेगळी आहे. त्याला लागणारे आठवडे आम्ही धरलेच होते. अडचण निराळीच निघाली.

वाशी-कोपरखैरण्याच्या कुठल्याही गच्चीवर संध्याकाळी उभं राहा. पूर्वेकडून दिव्यांची रांग येताना दिसते, एकामागे एक, मुंबईत उतरणारी विमानं. वर्षातला बराच काळ वारा पश्चिमेचा असतो, म्हणून उतरणं पूर्वेकडून. तीन अंशांच्या उताराने येणारं विमान धावपट्टीच्या 13 किलोमीटर अलीकडे साधारण 2200 फुटांवर असतं. आमचं सर्वेक्षणाचं विमान जवळपास त्याच उंचीवरून, तीच वाट आडवी कापत, उत्तर-दक्षिण फेऱ्या मारणार होतं. देशातल्या सर्वांत गजबजलेल्या धावपट्ट्यांपैकी एकीच्या तोंडावर.

खाली उतरूनही चालत नाही. दाट वस्तीवर विमानाने आसपासच्या सर्वांत उंच इमारतीच्या माथ्यापासून 1000 फूट, म्हणजे 300 मीटर वर राहायचं असतं. शंभर मीटरचा टॉवर असेल तर चारशे मीटरच्या खाली यायचंच नाही. आणि दक्षिण टोकाला आता दुसरा विमानतळ. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं, 25 डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली.

कंपनीच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "ताई, उडायला वेळेचा स्लॉट मिळेल. तुमच्या ओहोटीला मिळेल असं मात्र मी लिहून देणार नाही."

विमानाचा प्रश्न तिथेच सुटला. खर्च ड्रोनच्या कितीतरी पट होता, तोही मुख्यतः विमान इथवर आणून दिवसच्या दिवस उभं ठेवण्याचा. पण साहेबांची तेवढी तयारी होती. विमानाचा एकुलता एक फायदा, एकाच पाण्याच्या पातळीवर सगळं, तोच ज्याच्या हाती घड्याळ आहे त्या हवाई वाहतूक नियंत्रणाच्या मर्जीवर होता. भरतीला मिळालेला स्लॉट आमच्या काय कामाचा?

हेलिकॉप्टरचंही विचारून पाहिलं. जुहूहून यायला जवळ, हळू उडतं, फिल्मसाठी उत्तम. पण आकाश तेच आणि रांगही तीच.

मग ड्रोनला तरी मोकळं रान आहे का

नाही. ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनी कागदपत्रं पुष्कळ कमी केली हे खरं. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा उघडायचा, हिरव्यात असाल तर 120 मीटरपर्यंत परवानगी न घेता उडवायचं. पण विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा 60 मीटरलाच संपतो. 5 ते 8 मध्ये जमिनीपासूनच पिवळा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी. त्याच्या आत लाल. याशिवाय खाडीपलीकडे ट्रॉम्बेचं अणुकेंद्र, ठाण्यात कोलशेतला हवाई दल. आणि नकाशा हिरवा असला तरी पोलीस आयुक्तालयाचा मनाई आदेश चालू असेल तर तो रंग कामाचा नाही. उडवायच्या आधी तो तपासायचा आणि पोलीस ठाण्यात पत्र देऊन शिक्का घ्यायचा, ही आमची सवय.

दोन वर्षांपूर्वी नेरूळला आम्ही निवांत काम केलं होतं. तेव्हा नव्या विमानतळाच्या जागी, उलव्याच्या बाजूला, डंपर फिरत होते. आता तोच खाडीकाठ तीन भागांत कापला गेलाय: घणसोलीकडे 120 मीटर, वाशीला 60, नेरूळला परवानगी.

साठ आणि एकशेवीस यांत फरक काय, असं साहेबांनी विचारलं. उंची निम्मी झाली की फोटोत मावणारी जमीन पावपट होते. ओळी दुप्पट, वेळ दुप्पट, फोटो चौपट. चौरस किलोमीटरला आठशेऐवजी तीन हजारांच्या वर. पिक्सेल दीड सेंटिमीटरचा मिळतो, पण गाळाचा बांध मोजायला दीड सेंटिमीटर कुणाला हवाय?

मध्येच साहेबांनी पुतण्याच्या लग्नात आलेल्या ड्रोनवाल्याचं नाव सुचवलं. नऊ हजारांत दिवसभर. मी विचारलं, त्याच्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र आहे का, ड्रोनला ओळख क्रमांक आहे का? 9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशी ड्रोनची आयात बंद आहे. लग्नातले बरेचसे कुठल्या वाटेने आले ते विचारू नये. व्यवसायासाठी उडवायचं तर पाव किलोच्या वरच्या ड्रोनला प्रमाणपत्र लागतंच. विषय तिथे थांबला.

सतराचं पावणेदोन

तिसऱ्या बैठकीत मी साहेबांपुढे त्यांचाच जुना नकाशा पसरला आणि पेन्सिल दिली. "समितीला जे जे बोट ठेवून दाखवायचंय, त्याला गोल करा." त्यांनी चहा संपेपर्यंत गोल केले. बाकी तिवरं, रस्ते, कचराभूमीची कड, सोसायट्या. यातलं काहीच मोजायचं नव्हतं. गोलांची बेरीज पावणेदोन चौरस किलोमीटर भरली. घणसोली, वाशी, नेरूळ अशा तीन जागा.

सतरा चौरस किलोमीटरचा आकडा मुळात आला कुठून? 'विमान आणलंच आहे तर सगळंच काढू' या विचारातून. साधन आधी ठरलं आणि काम त्याच्या मापाने फुगलं. हे मी साहेबांना एवढं स्पष्ट म्हणाले नाही. आता लिहितेय, वाचतील.

तीन सुट्या जागा म्हटल्यावर एका क्षणाची अट सैल झाली. प्रत्येक पाँड आपापल्या ओहोटीला एका बैठकीत पूर्ण झाला की पुरे, शेजारच्याशी शिवण जुळवायची नाही. म्हणजे रोज एक जागा, दोन तासांची खिडकी, तीन दिवस. कुठले तीन, एवढंच राहिलं.

हे वाशीगावातल्या नाखवा काकांनी सांगितलं, तक्ता न बघता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला उलट: दुपारी बाराच्या आसपास भरती, ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहा-सातला. आमची गोची नेमकी तीच. पाणी सर्वांत खोल उतरतं ते उधाणाच्या दिवसांत, पण तेव्हा ऊन तिरपं, तिवरांच्या लांब सावल्या चिखलावर. डोक्यावर ऊन असताना ओहोटी मिळते ती भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी चढउताराची, पाणी तेवढं उतरत नाही. झडपेचा उंबरा भांगालाही उघडा पडतो का? काकांनी पानाचा तोबरा बाजूला सारून सांगितलं, "पडतो. बोट टेकंल इतका."

फाल्गुन वद्य सप्तमी, अष्टमी, नवमी. ओहोटी साडेअकरा, सव्वाबारा, एक.

यात पक्ष्यांचाही हिशोब बसला, आणि तो ठरवून. मार्चमध्ये खाडीत फ्लेमिंगो असतात. 2015 पासून खाडीच्या एका भागाला अभयारण्याचा दर्जा आहे, 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणूनही नोंद आहे. पात्रावर ड्रोन न्यायचाच नाही हे आम्ही सुरुवातीलाच ठरवलं होतं. मे 2024 मध्ये घाटकोपरला उतरत्या विमानाच्या धडकेने जवळपास 40 फ्लेमिंगो गेले, तो दिवस इथल्या कुणी विसरलेलं नाही. भरतीला चिखल बुडतो तेव्हा हे पक्षी नेरूळच्या बाजूच्या पाणथळांवर येऊन उभे राहतात, ओहोटीला परत खाडीत चरायला जातात. आमची वेळ ओहोटीची, म्हणजे त्यांच्या गैरहजेरीची. तरी नेरूळला दहा-बारा मागे राहिलेच होते. त्या कोपऱ्याकडच्या चार ओळी आम्ही उडवल्या नाहीत.

वाशी: घार आणि छत

पहिल्या दिवशी वाशीला बांधावर फ्लेक्सच्या काळ्यापांढऱ्या चौकोनांचे नेमबिंदू, म्हणजे फोटो जमिनीशी जुळवायच्या खुणा, लावले, त्यांचे अक्षांश-रेखांश-उंची मोजली. चहा घेऊन परत येईपर्यंत एक चौकोन गायब. पन्नास मीटरवर झाडाखाली त्यावर एक गृहस्थ झोपलेले. उठवायचा धीर झाला नाही, बांधावर चुन्याची फुली मारून तीच मोजली. तेव्हापासून चुनाच वापरतो.

अकराला ड्रोन वर गेला. चौथ्या ओळीवर पहिली घार आली. आधी लांबून घिरट्या, मग वरून. अशा वेळी सगळे पायलट एकच करतात: ड्रोन सरळ वर काढतात, कारण घारीला उभं चढणं जमत नाही. आमचा पायलट रिमोटच्या काठीवर अंगठा ठेवून माझ्याकडे बघतोय, आणि मी त्याच्याकडे. वर साठ मीटरचं छत. ड्रोन होता अठ्ठावन्नवर.

त्याने खाली आणला, पाँडच्या मध्यावर दोन मिनिटं थांबवला आणि उतरवला. पाऊण तास गेला. दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली, तोवर घारी मासळी सुकवायच्या जागेकडे सरकल्या होत्या. शेवटच्या दोन ओळी पाणी चढायला लागल्यावर मिळाल्या. नकाशात त्या जागी गाळाची कड दहा-बारा सेंटिमीटर आत दिसते. अहवालात तसं लिहिलंय.

नेरूळला परवानगी वेळ आणि उंची ठरवून आली होती, उडवण्याआधी आणि उतरल्यावर फोन करायचा. काही घडलं नाही. घणसोलीला तर चाळीस मिनिटांत आटोपलं. 120 मीटर म्हणजे काय सुख असतं ते त्या दिवशी कळलं.

अडीच मीटर

खरी धांदल ऑफिसात उडाली. वाशीच्या झडपेचा उंबरा आमच्या हिशोबात 0.9 मीटर आला, साहेबांच्या जुन्या ड्रॉइंगमध्ये 3.4. झडप अडीच मीटर खचली? मी दीड दिवस नेमबिंदू तपासले, परत जाऊन दोन मोजले, पायलटला दोन शब्द जास्तही बोलले.

उपग्रहावरून मिळणारी उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत मुंबई परिसरात साठ मीटरहून जास्त फरक पडतो. ती चूक झाली तर आकडा बघताक्षणी कळते, झडप पाताळात गेलेली दिसते. अडीच मीटरची चूक खरी वाटते. साहेबांचा आकडा भरती-ओहोटीच्या तक्त्याच्या शून्यावरून होता, आणि मुंबईला सरासरी समुद्रसपाटी त्या शून्याच्या साधारण अडीच मीटर वर आहे. दोन्ही आकडे बरोबर होते, शून्य वेगळं होतं. ड्रोन असो की विमान, हा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारायचा असतो. मी विचारला नव्हता. आता आमच्या कोटेशनच्या पहिल्या पानावर तो छापलेला आहे.

फिल्म

समितीला पहिल्याच दृश्यात सगळा खाडीकाठ दिसायला हवा, भर उधाणाचा, शहराच्या पायाशी आलेलं पाणी. ड्रोन साठ मीटरवर अडतो, तिथून टॉवरच्या मधल्या मजल्यावरचे कपडे वाळत घातलेले दिसतात. हेलिकॉप्टर चारशेच्या खाली येत नाही. फिल्मला हवी होती ती शंभर-सव्वाशे मीटरची उंची दोघांच्याही वाट्याला येत नव्हती.

ती उंची एका सोसायटीच्या गच्चीवर होती, पस्तिसाव्या मजल्याच्या वर. सेक्रेटरींनी दोन अटी घातल्या: पाण्याच्या टाकीवर चढायचं नाही आणि कुणाच्या खिडकीत कॅमेरा जायचा नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, द्वितीयेला, दुपारी दीडची भरती. दोनाची पाऊणपट. ट्रायपॉड, लांब लेन्स, तीन तासांचा टाइमलॅप्स. पाणी झडपेवर चढतं, नाल्यात थांबतं, रस्त्याच्या पातळीला भिडतं. वर मागे एकामागून एक विमानं उतरताना दिसतात. साहेबांनी तो तुकडा तीनदा बघितला आणि विचारलं, "हे ड्रोनने?" मी म्हटलं, "लिफ्टने."

आणखी एक गोष्ट राहिली. नेरूळच्या पाँडचा निम्मा भाग तिवरांनी भरलाय. फोटोवरून उंची काढली की झाडांचे शेंडे मिळतात, खालचा गाळ नाही. तिवरं तोडायला न्यायालयाची परवानगी लागते, ती कुणी मोजणीसाठी मागणार नाही. कडेकडेने नाखवा काकांच्या होडीतून बांबूने चाळीस जागी खोली घेतली, आतला भाग नकाशावर करड्या रेघांनी भरला आणि लिहिलं: तळ मोजलेला नाही.

साहेबांचं बोट तिथेच गेलं. "विमान लावलं असतं तर हा भाग भरला असता ना?"

"विमानातूनही शेंडेच दिसले असते साहेब. लायडार, म्हणजे लेसरने मोजणारं यंत्र, लावला तर पानांच्या फटींतून थोडा तळ मिळेल. पाण्याखालचा तरीही नाही."

"ड्रोनवरचा लायडार की विमानावरचा?"

त्याचं कोटेशन गेल्या आठवड्यात पाठवलंय, ड्रोनचं. उत्तर आलेलं नाही.